पट मांडणाऱ्याचे पोट : खेळ आणि खेळणी रचण्याच्या व्यवसायाचा आढावा

घरातल्या माळ्यावर पडलेला खेळाचा कुठलाही खोका खाली काढून पाहा. झाकणावर खेळाचे नाव, किती जणांनी खेळायचा, वय किती हवे, किंमत काय, कुठल्या कंपनीने बनवला, हे सगळे सापडेल. खेळ कुणी रचला, हे बहुधा सापडणार नाही. पुस्तकावर लेखकाचे नाव नसेल तर आपल्याला चुकल्यासारखे वाटते. खेळ मात्र आपोआपच झाला असावा, अशी आपली समजूत असते.

अलीकडे ही समजूत थोडी ढिली होते आहे. खेळ रचणे शिकवणारे अभ्यासक्रम निघाले, सरकारने खेळण्यांच्या उद्योगात लक्ष घातले, लोकवर्गणीतून खेळ छापता येतात हे तरुणांना कळले. त्यामुळे पूर्वी कुणी न विचारलेला प्रश्न आता गंभीरपणे विचारला जातो : खेळ आणि खेळणी रचून पोट भरते का? भरत असेल तर कोणत्या वाटेने? या प्रश्नाला आजवर मिळालेली उत्तरे एकत्र मांडून, कोणते मुद्दे सुटले आणि कोणते अजून लोंबकळत आहेत ते पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी एका शब्दाची अडचण. या माणसाला मराठीत काय म्हणायचे? संशोधक म्हटले की प्रयोगशाळा आठवते आणि कारागीर म्हटले की हत्यारे. जर्मन भाषेत त्याला सरळ ‘खेळ-लेखक’ म्हणतात. आपण इथे ‘रचनाकार’ म्हणू.

निनावी पटाकडून पेटंटकडे

आपल्याकडचे जुने खेळ निनावी आहेत. पच्चीशीला तिचे नाव कवड्यांच्या पंचवीसच्या दानावरून मिळाले, रचणाऱ्यावरून नाही. मोक्षपटाचा संबंध परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यावर अभ्यासकांत चर्चा आहे, पण पटावर कुणाची सही नाही. सावंतवाडीचा गंजिफा चिताऱ्यांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला. पत्ते रंगवणारा हात ओळखता यायचा, पण खेळ सगळ्यांचा होता. असे खेळ गावोगावी बदलत गेले आणि त्या बदलांचाही कुणी हिशेब ठेवला नाही.

हिशेब सुरू झाला तो हे खेळ समुद्रापार गेल्यावर. पच्चीशीचा साधा अवतार इंग्लंडमध्ये १८९६ साली ‘ल्यूडो’ म्हणून पेटंट झाला. मोक्षपटाची सापशिडी झाली, तिच्यातले पाप-पुण्य हळूहळू गळाले आणि अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४३ साली सापांच्या जागी घसरगुंड्या आणल्या. छापखाना, पुठ्ठा आणि दुकान यांच्या हाती आल्यावर खेळ ही विकायची वस्तू झाली. वस्तू झाली की मालक लागतो.

मालक आणि रचनाकार या दोन वेगळ्या व्यक्ती असू शकतात, हे ‘मोनोपॉली’च्या कहाणीने सगळ्यात स्पष्ट दाखवले. लिझी मॅगी या अमेरिकन बाईंनी ‘द लँडलॉर्ड्‌स गेम’ रचला आणि १९०४ साली त्याचे पेटंट मिळवले. जमीनदारी समाजाला कशी पिळते, हे खेळणाऱ्याला कळावे हा त्यांचा उद्देश होता. खेळ हाताने नकलत, घरोघरी बदलत पसरला. १९३५ साली पार्कर ब्रदर्सने तो चार्ल्स डॅरो या गृहस्थांकडून ‘मोनोपॉली’ म्हणून घेतला. डॅरो श्रीमंत झाले. मॅगीबाईंचे नंतरचे पेटंट कंपनीने ५०० डॉलरला विकत घेतले. त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले ते १९७० च्या दशकात, राल्फ ॲन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या ‘अँटी-मोनोपॉली’ खेळासाठी कोर्टात लढताना जुनी कागदपत्रे उकरल्यावर. आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत जो ‘व्यापार’ खेळला, त्याचा ढाचाही तोच. म्हणजे मॅगीबाईंचा पट मराठी घरांतही मांडला गेला, त्यांचे नाव न कळता.

नाव छापून घेण्याची उघड मागणी खूप उशिरा झाली. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळणी-जत्रेत काही रचनाकारांनी बिअरच्या पेल्याखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर सह्या केल्या : खोक्यावर आमचे नाव छापणार नसाल तर आम्ही खेळ देणार नाही. १९९१ साली त्यांची संघटना झाली. आज युरोपातल्या बहुतेक पटखेळांवर रचनाकाराचे नाव असते, त्याची सुरुवात त्या चकतीपाशी आहे.

काम नेमके काय असते?

बाहेरच्याला वाटते की या धंद्यात कल्पना सुचणे मोठे. आतले लोक सांगतात की कल्पना हा सगळ्यात स्वस्त भाग. खरे काम चाचणीचे. नियमांचा कागद आणि खोका अनोळखी लोकांच्या हाती द्यायचा आणि रचनाकाराने तोंडातून अवाक्षर काढायचे नाही.

असा एक डाव मी पुण्यात एका घरी पाहिला. सतरंजीवर चार मुले, वयाने सहा ते अकरा. पट घरच्या प्रिंटरवर छापून पुठ्ठ्याला चिकटवलेला, सोंगट्यांच्या जागी शर्टाची बटणे. रचनाकार बाई कोपऱ्यात मोढ्यावर वही घेऊन बसल्या होत्या. विशिष्ट घरात पडले की दोन डाव बाद, असा नियम होता. त्यात सापडलेली मुलगी पहिल्या फेरीला पाय पसरून बसली आणि दुसऱ्या फेरीला उठून स्वयंपाकघरात गेली. परत आली ती चकलीचा डबा घेऊन. बाईंनी वहीत लिहिले : ‘दोनदा बाद – मुलगी उठली. नियम काढणे.’ थोड्या वेळाने मोठ्या मुलांनी सहा वर्षांच्या भावाला परस्पर ‘कच्चा लिंबू’ ठरवून टाकले. त्याची सोंगटी कुणी मारायची नाही. नियमांच्या कागदावर असे काही नव्हते. बाईंनी तेही लिहून घेतले, आणि पुढच्या आवृत्तीत ‘कच्चा लिंबू’ हा रीतसर नियम झाला.

असे पन्नास-शंभर डाव झाले की एक खेळ उभा राहतो. खेळण्यांच्या बाबतीत यात साचा, सुरक्षितता आणि खर्च यांची भर पडते. ‘सुपर सोकर’ या पाण्याच्या बंदुकीचे उदाहरण नेहमी दिले जाते. लॉनी जॉन्सन हे नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले अभियंते. १९८२ साली घरी पाण्यावर चालणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग करत असताना नळीतून सुटलेली धार न्हाणीघरात पार पलीकडे गेली आणि त्यांना बंदूक सुचली. पीव्हीसी पाइप आणि सोड्याची बाटली वापरून त्यांनी नमुना केला. कंपनीशी करार व्हायला १९८९ उजाडले. सुचायला एक क्षण लागला, विकायला सात वर्षे. पुढेही त्यांचा मानधनाचा वाद लवादापर्यंत गेला आणि २०१३ साली, ती कंपनी पुढे विकत घेणाऱ्या हॅस्ब्रोने त्यांना सुमारे ७.३ कोटी डॉलर द्यावेत असा निवाडा झाला. कराराचा कागद जपून ठेवलेल्या माणसाची ही गोष्ट आहे.

मालकी कशाची?

या व्यवसायातल्या जवळजवळ प्रत्येक वादाचे मूळ एका कायदेशीर गोष्टीत आहे : खेळाचा जो गाभा, म्हणजे खेळण्याची रीत, तीच मालकीची होत नाही. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातले कलम ३(म), ज्याला वकील ‘तीन एम’ म्हणतात, खेळ खेळण्याच्या पद्धतीला शोध मानायला नकार देते. यंत्ररचना नवी असेल, जसे चावी, स्प्रिंग, फिरकी, तर पेटंट मिळू शकते आणि ते वीस वर्षे टिकते. वस्तूचे बाह्य रूप डिझाइन कायद्याखाली नोंदवले तर दहा वर्षे आणि मुदतवाढीने आणखी पाच. चित्रे आणि नियमांचे शब्द कॉपीराइटमध्ये येतात, नियम स्वतः येत नाहीत. त्यातही एक खाच आहे. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी रचना न नोंदवता औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा बनवली की त्या रचनेवरचा कॉपीराइट उरत नाही. घरगुती रचनाकार या खाचेत नकळत पडतात. राहिले नाव. नावाचा ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत पिढ्यान्‌पिढ्या ठेवता येतो.

हे सगळे एका भारतीय खटल्यात एकत्र दिसले. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंनी ‘स्क्रॅब्युलस’ हा शब्दखेळ इंटरनेटवर आणला आणि तो जगभर गाजला. ‘स्क्रॅबल’चे हक्क सांगणाऱ्या मॅटेलने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. २००८ साली न्यायालयाने पट आणि नियमांवरचा कॉपीराइटचा दावा प्रथमदर्शनी मान्य केला नाही. पण ‘स्क्रॅबल’शी मिळतेजुळते नाव वापरायला मनाई केली. बंधूंनी नाव बदलले आणि खेळ चालू राहिला. थोडक्यात, खेळ वाचला आणि नाव गेले.

यावर दोन मते आहेत. एक म्हणते की ही रचनाकाराची उघड लूट आहे. महिनोन्‌महिने चाचण्या करून बसवलेला खेळ दुसऱ्याने चित्रे बदलून छापला तर दाद कुठे मागायची? दुसरे म्हणते की खेळाची रीत मोकळी राहिली म्हणूनच खेळ वाढले. पच्चीशीवर कुणाचा हक्क असता तर ल्यूडो झाला नसता, आणि नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली आणलेला ‘ल्यूडो किंग’ही झाला नसता, जो कोट्यवधी मोबाइलांवर पोचला. दोन्ही मतांत तथ्य आहे, आणि कोणता खेळ समोर ठेवून बोलता यावर कोणते पटेल ते ठरते.

चार वाटा

पोट भरण्याच्या आजवर रुळलेल्या वाटा चार दिसतात.

*पहिली : कल्पना कंपनीला देणे.* रचनाकाराने नमुना करायचा, कंपनीने बनवायचे आणि विकायचे, रचनाकाराला विक्रीवर मानधन. हा दर पाश्चात्त्य बाजारात साधारणपणे कंपनीच्या घाऊक विक्रीच्या पाच टक्क्यांच्या आसपास फिरतो. गणित मांडून पाहू. समजा, खोक्यावर ८०० रुपये किंमत आहे आणि कंपनी तो वितरकाला ४०० ला देते. पाच टक्क्यांनी रचनाकाराला खोक्यामागे २० रुपये. ३,००० खोके गेले तर ६०,००० रुपये, तेही एकदाच, जर पुढच्या वर्षी खेळ दुकानात राहिला नाही तर. म्हणून या वाटेचे समर्थक सांगतात की एका खेळावर जगायचे नाही. दरवर्षी डझनभर नमुने करा, दोन विकले जातील, पाच वर्षांत एखादा टिकेल.

टीकाकार जुनी उदाहरणे काढतात. जॉन स्पिनेलो या डिझाइनच्या विद्यार्थ्याने ‘ऑपरेशन’ खेळाची मूळ कल्पना शिकागोच्या मार्व्हिन ग्लास यांच्या संस्थेला ५०० डॉलरला देऊन टाकली. खेळ १९६५ पासून आजवर विकला जातो आहे. २०१४ साली स्पिनेलो यांच्या स्वतःच्या शस्त्रक्रियेसाठी लोकांनी वर्गणी काढली. समर्थकांचे उत्तर असे की दोष वाटेचा नाही, एकरकमी विक्रीचा आहे. त्यांचा सल्ला ठरलेला : आगाऊ रक्कम घ्या, ती मानधनातून वळती होऊ द्या, आणि ठराविक मुदतीत कंपनीने खेळ बाजारात आणला नाही तर हक्क परत यावेत असे कलम घाला.

*दुसरी : स्वतःच कारखानदार होणे.* स्क्रॅबलचा जन्म असा झाला. आल्फ्रेड बट्स या बेकार झालेल्या वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून कोणत्या अक्षराला किती गुण ते ठरवले. कंपन्यांनी खेळ नाकारला. १९४८ साली जेम्स ब्रुनो यांनी तो स्वतः बनवायला घेतला. १९४९ मध्ये २,४०० संच केले आणि ४५० डॉलरचा तोटा सोसला. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानाने मागणी नोंदवली आणि चित्र पालटले. मधली तीन वर्षे कशी काढायची, हाच या वाटेवरचा खरा प्रश्न.

लोकवर्गणीने त्याला एक उत्तर दिले. २००९ साली सुरू झालेल्या किकस्टार्टर या संकेतस्थळावर आधी पैसे घेऊन मग छापता येऊ लागले. २०१५ मध्ये ‘एक्स्प्लोडिंग किटन्स’ या पत्त्यांच्या खेळाला २ लाख १९ हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे ८७ लाख डॉलर दिले. आपल्याकडे झैन मेमन यांनी रचलेला, निवडणुकीच्या राजकारणावरचा ‘शासन’ हा खेळ २०१९ मध्ये याच वाटेने जगभर गेला. पण वर्गणी जमवणे हा स्वतःच एक धंदा आहे. चित्रफीत, जाहिरात, परदेशी टपाल, उशीर झाल्यावर येणारी पत्रे, हे सगळे रचनाकाराच्याच डोक्यावर बसते. २०२५ साली अमेरिकेने चिनी मालावर जबर आयातशुल्क लावले तेव्हा चीनमध्ये छापून घेणारे अमेरिकेतले कित्येक छोटे प्रकाशक रातोरात अडचणीत आले. खोके बोटीवर आणि हिशेब कोलमडलेला.

आपल्या बाजारात या वाटेचा ठोकताळा असा सांगतात : छापील किंमत उत्पादनखर्चाच्या चौपट ते पाचपट हवी, नाहीतर वितरक, दुकानदार आणि वाहतूक यांतच सगळे संपते. पुठ्ठ्याचा खेळ निदान परवडतो, कारण डाय-कटिंग आणि छपाई पुण्या-मुंबईत होते. प्लॅस्टिकच्या एका साध्या भागाला साचा करायचा म्हटले की खर्च लाखांत जातो. म्हणून घरगुती रचनाकार बहुतेक पट, पत्ते आणि लाकूड यांपाशीच थांबतात. नवे काय सुचते यावर साच्याच्या किमतीची अशी छाया असते.

*तिसरी : नोकरी किंवा स्टुडिओ.* मार्व्हिन ग्लास यांच्या संस्थेत डझनावारी माणसे पगारावर खेळणी शोधत. ती १९८८ साली बंद पडली, पण शिकागोत त्या मुशीतून निघालेले स्टुडिओ राहिले. भारतात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या (एनआयडी) गांधीनगरच्या आवारात खेळणी आणि खेळ या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तिथून बाहेर पडलेल्यांना खेळणी-कंपन्या, शिक्षणसंस्था आणि संग्रहालये काम देतात. १९८७ पासून असलेली, एमआरएफ समूहातली आणि गोव्यातही कारखाना असलेली फनस्कूलसारखी कंपनी पगारी रचनाकार ठेवू शकते. इथे दरमहा पगाराची हमी असते, पण मालकी कंपनीची. घर चालते, मात्र खोक्यावर नाव येण्याची आशा थोडी. अनेक जण काही वर्षे नोकरी करून धंद्याची रीत शिकतात आणि मग पहिल्या किंवा दुसऱ्या वाटेला लागतात.

*चौथी : वाटून टाकणे.* या वाटेचे सगळ्यात मोठे उदाहरण पुण्याचे. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता टेल्कोत नोकरीला होते. रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमात गेले आणि तिथे आगपेटीच्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्यांची खेळणी सुरू झाली. पुढे आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शेकडो खेळण्यांच्या कृती कुणालाही करता येतील अशा खुल्या करून ठेवल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आधीपासून एनआयडीचे सुदर्शन खन्ना लोकखेळण्यांची नोंद करत होते. या पक्षाचे म्हणणे साधे आहे : खेळणे ही मुलाची गरज आहे, आणि मोडून पाहता येत नाही ते खेळणेच नव्हे. मालकीचा प्रश्न ते सोडवत नाहीत, बाजूला ठेवतात. यावर आक्षेप असा की संस्थेचा आधार असेल तरच हे जमते. ज्याला घरभाडे खेळातूनच काढायचे आहे त्याला हा मार्ग कसा परवडेल? गुप्तांच्या वाटेने जाणारे उलट विचारतात : इतर तीन वाटांवर किती जणांचे भाडे निघते?

त्या प्रश्नाला क्लाउस टॉयबर यांचे आयुष्य बोलके उत्तर देते. ते व्यवसायाने दंतवैद्यकीय तंत्रज्ञ, दात बनवणारे. जर्मनीतला ‘वर्षाचा सर्वोत्तम खेळ’ हा मानाचा पुरस्कार त्यांना १९८८, १९९० आणि १९९१ साली, असा तीनदा मिळाला. तरी ते दातच बनवत राहिले. १९९५ साली ‘कटान’ आला, चौथा पुरस्कार मिळाला, खेळ जगभर गेला आणि मगच, नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, त्यांनी प्रयोगशाळा सोडली. या क्षेत्रातल्या बहुतेकांचे उत्पन्न आजही असेच दोन खिशांतून येते.

भारतीय बाजार : आकडे आणि त्यांचे दोन अर्थ

२०२० पासून भारतात चित्र वेगाने बदलले. त्या वर्षी खेळण्यांवरचे आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. २०२१ मध्येच ‘टॉयकॅथॉन’ ही नव्या कल्पनांची स्पर्धा झाली. नव्या शैक्षणिक धोरणाने खेळण्यांतून शिकवण्याला जागा दिली आणि २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळण्यांचा आणि शिकण्याच्या साहित्याचा संच आला. सरकारच्या म्हणण्यानुसार २०१४-१५ च्या तुलनेत २०२२-२३ मध्ये खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली.

या आकड्यांचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत. सरकारी बाजू म्हणते की देशी उत्पादनाची ताकद वाढली. अर्थतज्ज्ञ आर. नागराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र असे मांडले की यातला मोठा वाटा आयातीवर घातलेल्या बंधनांचा आहे, उत्पादनक्षमतेत त्या मानाने वाढ दिसत नाही. रचनाकारासाठी हा वाद दुरून ऐकण्याचा नाही. आयात थांबल्यामुळे जागा मोकळी झाली असेल, तर ती कारखानदार जुनाच माल देशात बनवून भरणार की नवे रचून, यावर त्याची गरज ठरते.

सुरक्षिततेच्या सक्तीबद्दलही दोन बाजू ऐकू येतात. शिसे असलेले रंग, सुटून घशात जाणारे डोळे, टोकदार कडा हे धोके खरे आहेत, आणि मुलांच्या बाबतीत तडजोड नको, ही एक बाजू. दुसरी बाजू छोट्यांची : परवाना उत्पादनाच्या जागेला मिळतो, चाचणीची सोय लागते, आणि दोनशे नग करणाऱ्याला तोच खर्च दोन लाख नग करणाऱ्याइतका जड कसा होईल? तो कित्येक पट जड होतो. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक निर्देशांकाच्या वस्तूंना सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या चितार आळीतला पांगाऱ्याच्या लाकडाची फळे रंगवणारा कारागीर तिच्यात बसू शकतो. शहरातला, घरच्या खोलीत लाकडी कोडे कातणारा तरुण कारागीर म्हणून नोंदलेला नसतो आणि कारखानदारही नसतो. तो मधेच अडकतो.

न सुटलेले मुद्दे

आढाव्याच्या शेवटी काही मुद्द्यांवर बऱ्यापैकी एकमत दिसते. कल्पनेपेक्षा चाचणी मोठी. एकरकमी विक्री टाळावी. नाव आधी नोंदवावे. आणि पेटंटचा विचार असेल तर जत्रेत दाखवण्याआधी अर्ज करावा. इतर देशांत वेळेत अर्ज न झाल्याने एर्नो रुबिक यांनी १९७४ साली बुडापेस्टमध्ये रचलेल्या घनाचे पेटंट हंगेरीपुरतेच राहिले, आणि पुढे जगभर नकलांचा पूर आला. भारतात तात्पुरता अर्ज करून पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात, ही सोय वापरणारे थोडे.

तीन गोष्टी मात्र खुल्या आहेत. पहिली, खोक्यावरच्या नावाची. युरोपात रचनाकाराच्या नावाने खेळ शोधणारे गिऱ्हाईक तयार झाले. आपल्याकडे खेळ आईबाप घेतात, तेही वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी, तुळशीबागेत किंवा क्रॉफर्ड मार्केटमागच्या गल्लीत, किंमत आणि खोक्याचा आकार पाहून. अशा बाजारात नाव छापल्याने रचनाकाराला काही मिळेल की आधी गिऱ्हाईक घडवावे लागेल, हे सांगता येत नाही.

दुसरी, कारागीर आणि रचनाकार यांच्यातल्या वाट्याची. डिझाइनचा विद्यार्थी कारागिराकडे जातो, दोघे मिळून नवे खेळणे करतात. नोंदणी कुणाच्या नावावर? भौगोलिक निर्देशांक गावाच्या कसबाला संरक्षण देतो, पण त्या आळीतल्या एकाने केलेल्या नव्या रचनेला वेगळे स्थान देत नाही.

तिसरी सगळ्यात जुनी आहे. खेळ एकट्याचा कधी असतो का? मॅगीबाईंचा पट घराघरांत बदलत गेला, आणि शेवटी जो विकला गेला त्यात अनेक अनामिकांचे हात होते. पुण्यातल्या त्या सतरंजीवर ‘कच्चा लिंबू’चा नियम मुलांनी घातला. खेळ छापला गेला तेव्हा नियमांच्या पुस्तिकेत तो सातव्या क्रमांकावर आला, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे घराघरांतून कौतुक येते ते नेमके त्याचेच. बाईंनी मुलांना त्या दिवशी भेळ दिली होती. पण तो नियम त्या मुलांचाही नव्हता. अंगणात धाकट्या भावंडाला खेळात घेताना तो कुणीतरी पहिल्यांदा बोलला असेल, आणि तेव्हापासून प्रत्येक आळीने तो वापरला. पुस्तिकेच्या मागच्या पानावर बाईंनी श्रेयनामावली दिली आहे. तिच्यात चौघा मुलांची पहिली नावे आहेत, आणि सातव्या नियमापुढे फक्त एवढेच : ‘सगळ्यांचा’.